धाकटीसाठी फितींचे बावीस डबे

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी (पडद्यावर कायम बावीस), धंदा गाणे आणि नाचणे, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे बहुतेक माझ्या आधीच गेले.

एक. राहता फ्लॅट, पियानो आणि बँकेतली शिल्लक माझ्या मेकअपवालीला. पन्नास वर्षे तिने माझे धुतलेले तोंड पाहिले आणि बाहेर ब्र काढला नाही.

दोन. माझ्या घटस्फोटित नवऱ्याला, म्हणजे निर्मातेसाहेबांना, आमच्या पहिल्या चित्रपटाचे पोस्टर. त्यावर त्यांचे नाव माझ्यापेक्षा मोठे आहे. असे पुन्हा कधी झाले नाही, तेव्हा जपून टांगावे.

तीन. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कॉलेजकन्या झाले, तेव्हा सुरकुत्या धूसर दिसाव्यात म्हणून भिंगावर रेशमी मोजा ताणणाऱ्या कॅमेरामनला माझे सगळे मोजे.

चार. धाकट्या बहिणीविषयी. एकेचाळिसाव्या वर्षी माझ्या घशाचे ऑपरेशन झाले. त्यानंतर माझा आवाज अधिकच कोवळा झाला, असे समीक्षकांनी लिहिले. होतो एखादीचा. त्या काळात बहीण पाण्याचा थर्मास घेऊन माझ्याबरोबर स्टुडिओत येत असे, एवढे मी कबूल करते. त्यापुढे एक अक्षर नाही. पहिल्याच दिवशी ती रेकॉर्डिस्टदेखत मला म्हणाली होती, "ताई, तू नुसते ओठ हलव, बाकीचं मी बघते." ती हे मायेने म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी केव्हाच माफ केले असते.

पाच. आमचा रेकॉर्डिस्ट शिस्तीचा होता. प्रत्येक टेकआधी गाणाऱ्याने माइकवर स्वतःचे नाव सांगायचे, हा त्याचा नियम. रेकॉर्ड निघताना तेवढा तुकडा कापत. न कापलेल्या मूळ फितींचे बावीस डबे माझ्या कपाटात आहेत. रेकॉर्डिस्ट वारला, दुसरा पुरावा नाही. "मला पैसा नको गं ताई, पण एकदा तरी माझं नाव लागू दे," असे बहीण तीस वर्षे विनवत आली आहे. बावीसच्या बावीस डबे मी तिला देते.

सहा. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचे मिळणे रद्द होते. हा कायदा वकिलांनी मला दोनदा समजावून सांगितला. दुसऱ्यांदा मीच सांगायला लावला. असे कोणाच्या बाबतीत घडल्यास त्याच्या वाट्याची वस्तू वकिलांनी त्याच आठवड्यात नष्ट करावी. फिती असल्यास पुसून कोऱ्या कराव्यात.

सात. माझ्या बहिणीने आयुष्यात एकही करार वाचला नाही. "कुठे करू सही?" एवढेच विचारते. आजही तेच विचारील.

स्थळ: माझी झोपायची खोली. दिनांक: चार तारीख, सोमवार, सकाळी अकरा.

लिहून देणार: (सही, चाहत्यांना देत असे तशीच, लफ्फेदार)

साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत. (सही)

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. मजकूर वाचला नाही. ताईने बोट ठेवले तिथे सही केली. (सही)