रेचे थांबले की पाटी पडते

२१ ऑक्टोबर १९३४, चोपडा
जळगावच्या डॉक्टरने कान तपासले. उजवा गेला, डावाही चालला म्हणतो. वीस वर्षे कापसाच्या जिनाच्या इंजिनाला चिकटून काढली, दुसरे काय होणार. औषध नाही. सौ.ला सांगितले, मळ होता, काढला.

२४ ऑक्टो.
सीझन तोंडावर आला. भीती एकच. मोठा पट्टा मधेच घसरतो. माझे इंजिन चालूच राहते, पण भिंतीपलीकडे सरकी काढणारे रेचे थांबतात. रेच्यांवरच्या बायकांना वाटते, मशीन बंद केले. अडकलेला कापूस काढायला हात आत घालतात. तेवढ्यात पट्ट्याने पुन्हा पकड घेतली तर...
आजवर रेच्यांचा आवाज तुटला की मी लागलीच वाफ बंद करत असे. आता तो आवाजच येत नाही. मॅनेजरला सांगावे, तर उद्या इंजिनावर दुसरा माणूस. या वयात मी कुठे जाऊ?

२ नोव्हें.
आठ दिवस खपून एक युक्ती केली. रेच्यांच्या शाफ्टवर दोन लोखंडी गोळे बसवले. शाफ्ट फिरतो तोवर ते फाकून राहतात आणि एक दांडी वर धरतात. शाफ्ट थांबला की दांडी पडते, भिंतीतल्या भोकातली तार ढिली होते, आणि माझ्या नाकासमोर लाल पाटी खाली येते. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा पडली.
मॅनेजरने विचारले, घंटा का नाही लावली? म्हटले, या गोंगाटात घंटा कुणाला ऐकू जाणार. गृहस्थ खूश, पाठ थोपटली. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

५ नोव्हें.
बायकांना बोलावून दांडी दाखवली. ही पडली की मला कळते, मी इंजिन थांबवतो, तुमचे हात वाचतात. राधाअक्का सगळ्यांत जुनी, तिने दांडीला हात लावून नमस्कार केला. मला हसू आले.

१२ नोव्हें.
लाभपंचमीचा मुहूर्त. इंजिनाला हळदकुंकू, नारळ, झेंडूची माळ. पलीकडे बायकांनी रेच्यांची पूजा केली. पाटी पुन्हा एकदा पाडून बघायची होती. पण मुहूर्ताला सुरू केलेले इंजिन कापसाची पहिली गासडी बांधून होईपर्यंत थांबवायचे नाही, ही इथली रीत. आग्रह धरला नाही.

१३ नोव्हें.
पट्टा घसरला. पाटी पडली नाही. मी तिच्याकडेच बघत बसलो होतो.
पलीकडे केवढा ओरडा झाला म्हणे. कुणीतरी खांदा धरून हलवले तेव्हा कळले. राधाअक्काची दोन बोटे. उजव्या हाताची.
दांडी खांबाला बांधलेली होती. लाल नाडा, सात वेढे, वर झेंडूचे फूल.

१५ नोव्हें.
मॅनेजरचा कागद तयार. दांडी बाईने बांधली, दोष बाईचा, तिला कामावरून कमी केले. खाली इंजिनवाल्याची सही हवी. कागदात खोटे अक्षर एकही नाही. फक्त एवढे लिहिलेले नाही की, दुसरा कुणी इंजिनावर असता तर त्याला पाटीची गरजच पडली नसती.
सही केली. षंढ माणूस मी.

१६ नोव्हें.
जेवण जात नाही. सौ. म्हणते, तुमचा काय दोष? तिला तरी कुठे माहीत आहे.

१८ नोव्हें., रविवार
अक्काच्या घरी गेलो. खाटेवर बसली होती, हाताला फडके. मी तोंड उघडायच्या आत तिनेच मोठ्याने सुरू केले, "मन्हीच चूक शे, भाऊ. ती दांडी कधीच पडाले नको, कोनाना हात जावाले नको, म्हनीसन मीच दोरा बांधा."
तेव्हा मला राहवले नाही. सगळे सांगून टाकले. अक्का, मला ऐकू येत नाही. दिवाळीच्या आधीपासून माहीत होते. तरी इंजिनावर बसलो.
 ती मान चुलीकडे वळवून हळू काहीतरी बोलली. दोन-तीन वाक्ये असतील. ओठही दिसले नाहीत.
पुन्हा सांगा म्हणायचा धीर झाला नाही. मान हलवली आणि उठून आलो. ती काय म्हणाली? सकाळी सातला इंजिन सुरू करायचे आहे.