प्रवासी निरंक

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला शब्दशः. कंबर धरल्यामुळे मी आगाराच्या कंट्रोल केबिनमधल्या बाकावर पालथा पडून, छातीखाली उशी घेऊन लिहितो आहे. अक्षर तिरके आले तर समजून घ्यावे.) तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल, वहिनींचे गुडघे निदान एक जिना चढण्यापुरते तरी ऐकत असतील आणि धाकटीचा निकाल मनासारखा लागला असेल अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक. तुमची बहीण खुशाल आहे, म्हणजे तशी दिसते. गेले नऊ दिवस ती माझ्याशी बोललेली नाही, त्यामुळे विचारून सांगता येत नाही. मी बाकावर का झोपतो असे तुम्ही विचाराल, तर क्वार्टरमध्ये उकाडा फार आहे. आणि मला तुमच्याकडून काहीही नको आहे हे आत्ताच सांगून टाकतो, कारण मेहुण्याचे पत्र आले की वहिनी आधी शेवटचे पान उलटून बघतात हे मला ठाऊक आहे.

मी फक्त रागावलो आहे. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी माझी नऊ दिवस मस्तकातच मुक्कामाला आहे. राग तुमच्यावर नाही. तुम्ही त्या देखरेख विभागात फायली सांभाळता, निर्णय घेत नाही, हे मी सगळ्या नातेवाइकांना सांगत आलो आहे (तुम्हाला ते आवडत नाही हेही मला माहीत आहे). पण सार्वजनिक वाहतुकीला दिलेला निधी योग्य कारणी लागतो की नाही हे बघायला तुमच्या विभागाने जे तिघे पाठवले, त्यांच्याबद्दल मला बोलायचे आहे. भिंतीशी बोलून पाहिले. भिंत माझ्याच बाजूची निघाली, त्यामुळे समाधान झाले नाही.

तुम्हाला आमचा माळ आठवत असेल. गावापासून अकरा किलोमीटर, नुसता खडक, एक झाड, तेही वाकडे. मागास भागाचा विकास करायचा म्हणून सरकारने तिथे पत्र्याच्या नऊ शेड बांधल्या आणि फीत कापली. पुढचे वर्षभर त्यात शेळ्या बसत. सावली चांगली होती, शेळ्यांची काही तक्रार नव्हती. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की माणसे तिथे जाणार कशी, आणि चार वर्षांपूर्वी त्या मार्गाला बस मंजूर झाली. सकाळी साडेसातला जायची, संध्याकाळी सहाला परतायची. बस सुरू झाल्यावर महिन्याभरात तुमच्या बहिणीने तीन नंबरची शेड घेतली. मी विरोध केला होता. (मी तिच्या प्रत्येक चांगल्या कामाला आधी विरोध करतो, ती पद्धतच पडून गेली आहे.) आज तिथे शिलाई मशिनी आहेत, रुग्णालयांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवले जातात, आणि पाण्याच्या टाकीजवळच्या वस्तीतल्या बायका कामाला येतात. तिचे बघून आणखी तीन शेड उघडल्या. एक चहाची टपरी आली, एक सायकल दुरुस्तीवाला आला. वाकड्या झाडाखाली आता न्हावी बसतो. तुमच्या कागदात याला प्रादेशिक आर्थिक विकास म्हणतात. आम्ही त्याला साडेसातची म्हणतो.

ती साडेसातची पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून बंद होते आहे. गरज नाही म्हणून. मी पुन्हा लिहितो, म्हणजे तुम्ही वाचताना चुकलात असे वाटायला नको: गरज नाही म्हणून. तुमच्या बहिणीची शेड त्याच दिवशी बंद पडेल, कारण अकरा किलोमीटर चालून येऊन कुणी दिवसभर मशीन मारू शकत नाही. हे समजायला समिती लागत नाही. पाय असले की पुरते.

आता हे घडले कसे ते ऐका. गेल्या वर्षी तुमची समिती आली तेव्हा तिच्या हातात स्टॉपवॉच होते. टाकीच्या थांब्यावर बायका कापडाचे गठ्ठे, डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन चढेपर्यंत (एक जण चढते, मग तिला आठवते की कात्री घरी राहिली, मग ती उतरते) बस चार मिनिटे उशिरा पोचली. त्या चार मिनिटांसाठी आमच्या आगाराला लेखी ठपका आला. आगारप्रमुखांनी तो काच लावून माझ्या केबिनमध्ये टांगला, कारण वेळ बघणे हे माझे काम. वीस वर्षे मी या आगारात वेळ बघतो. मला इथे सगळे 'काटा' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात असा माझा समज होता. त्या काचेकडे बघत मी वर्षभर चहा प्यायलो. एकदाही गोड लागला नाही.

म्हणून यंदा समिती येणार असे कळल्यावर आगारात लगीनघाई उडाली. बस तीनदा धुतली. आसनांना पांढरी कव्हरे घातली (तीन नंबरच्या शेडमध्येच शिवलेली, हेही तुमच्या लोकांना कुणी सांगितले नाही). धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना पडदे लावले आणि ते ओढून घेतले. आणि कुणातरी दीडशहाण्याने ड्रायव्हरच्या हातात चिठ्ठी ठेवली: 'आज मध्ये कुठेही थांबू नये. वेळ काटेकोर पाळावी. आसने स्वच्छ राहतील असे पाहावे.' बघा म्हणजे. प्रवासी चढले की उशीर होतो आणि कव्हरे मळतात, तेव्हा प्रवासीच नकोत. इतके सरळ डोके एखाद्या गाढवाचेही चालणार नाही. (गाढव हा शब्द मी आधी खोडला होता, मग पुन्हा लिहिला.)

तिघे मागे बसले. एक चष्मेवाले साहेब, एक आकडेवाले, त्यांच्या हातात फळी आणि पेन्सिल, आणि एक विकासाच्या तज्ज्ञ बाई. मी पुढच्या आसनावर हातात घड्याळ घेऊन. टाकीचा थांबा आला. मागच्यांना पडद्यांमुळे काही दिसत नव्हते, पण मला समोरच्या काचेतून सगळे दिसत होते. शेडमधल्या सगळ्या बायका उभ्या होत्या, गठ्ठे पायाशी, कारण त्या दिवशी रुग्णालयाची गाडी शेडवर माल न्यायला येणार होती. सगळ्यांत पुढे तुमची बहीण. तिने हात केला. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले, मी घड्याळाकडे पाहिले, आणि बस गेली. जाता जाता तिने मला पुढच्या आसनावर बघितले आणि वर केलेला हात खाली घेतला. सात वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती. वेळ अगदी बरोबर होती.

माळावर पोचलो तर चारही शेडना कुलपे. असणारच, किल्ल्या थांब्यावर उभ्या होत्या. आकडेवाल्यांनी प्रत्येक कुलूप हाताने ओढून बघितले (चोख माणूस, एकही सोडले नाही) आणि फळीवर लिहिले, 'उद्योग बंद आढळले.' तज्ज्ञ बाईंनी वाकड्या झाडाचा फोटो काढला. मग तिघांनी टपरीवर दोन दोन चहा घेतले, दीड तास सावलीत बसून मागासलेपणाची कारणे शोधली, आणि आम्ही परत निघालो. तज्ज्ञ बाईंना उकडत होते म्हणून पडदे उघडले. अर्ध्या वाटेवर, भर उन्हात, समोरून बायकांची रांग येत होती, डोक्यावर चादरींचे गठ्ठे. साहेबांनी विचारले, या कोण? मी सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "वेळ मात्र चोख पाळली हं तुम्ही." मी तोंड मिटले. ते मिटलेले तोंड मला रोज आरशात दिसते, दादा. आकडेवाल्यांनी खिडकीतून बघून काय लिहिले ते अहवालात आले आहे, मी शब्द बदललेला नाही: 'स्थानिक महिला पायी प्रवासास प्राधान्य देताना दिसून आल्या.'

प्राधान्य. वहिनींना वाचून दाखवा, गुडघ्यांना हात लावून हसतील.

बाकीचा अहवाल असा. 'बस वेळेवर. स्वच्छता उत्तम. आसने नव्यासारखी. प्रवासी निरंक. सदर मार्गाची गरज दिसून येत नाही.' उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण या लोकांनी शेळ्या नाहीत असे उंटावरूनच ठरवले. एकाने खाली उतरून एका माणसाला विचारले असते तर पुरले असते. चार वर्षांत कुणी विचारले नाही. एका वर्षी तुम्ही मिनिटे मोजता, दुसऱ्या वर्षी डोकी मोजता, आणि यंदा काय मोजणार ते कळवणारे परिपत्रक समिती येऊन गेल्यावर दोन दिवसांनी आम्हाला मिळते. ते आमच्याच बसच्या टपालपिशवीतून आले. वरातीमागून घोडे निदान धावत येतात, हे तर तिकीट काढून आरामात आले. त्यात स्वच्छ लिहिले आहे की यंदा वेळेला महत्त्व नाही, प्रवासीसंख्येला आहे. ते वाचून आगारप्रमुख खुर्चीत बसले ते जेवायच्या सुट्टीपर्यंत उठले नाहीत.

आणि कळस म्हणजे त्याच टपालात आगाराला वक्तशीरपणाचे प्रशस्तिपत्र आले आहे. ठपका काढून त्याच काचेत ते बसवले. मी आत्ता पालथा असल्यामुळे ते मला दिसत नाही, एवढाच या कंबरेचा उपकार.

असो. फार लिहिले. मन हलके झाले नाही, पण शाई संपत आली. थोरामोठ्यांस नमस्कार, धाकटीस आशीर्वाद. प्रकृतीस जपावे आणि जिन्यावर वहिनींचा हात धरावा.

तुमचा मेहुणा

ता. क. धाकटीला शिवणाची आवड आहे असे मागे वहिनी म्हणाल्या होत्या. सुट्टीत इकडे पाठवा म्हटले असते, पण आता शिकवायला शेड राहील की नाही ते सांगता येत नाही.

ता. क. २. ड्रायव्हरच्या हातातली ती चिठ्ठी मी लिहिली. आगारप्रमुख एवढेच म्हणाले होते की यंदा वेळ सांभाळा. बाकीचे सगळे माझे डोके. आगाराच्या प्रशस्तिपत्रात नावही माझेच आहे आणि त्यावर माझी बढती ठरते आहे. क्वार्टरमध्ये उकाडा नाही, चांगला वारा येतो. वर मला काहीही नको असे लिहिले ते खोटे आहे. सोबत वेगळ्या कागदावर माझा सहीचा जबाब जोडला आहे: बस माझ्या लेखी हुकुमावरून थांब्यावर थांबली नाही, थांब्यावर बावीस प्रवासी उभ्या होत्या, शेड बंद होत्या त्या त्यामुळेच, आणि रस्त्यावर चालणाऱ्या बायका त्याच. बस बंद करण्यावर पंधरा तारखेच्या बैठकीत शिक्कामोर्तब होणार आहे, त्याआधी तो या मार्गाच्या फायलीत सगळ्यांत वर लावावा. मेहुणा म्हणून मला वाचवायचा विचार तुमच्या मनात येईल, तुम्ही तसे आहात. तो करू नये. नोंद करून, शिक्का मारून, पोच पाठवावी.

ता. क. ३. मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात ही माझा डबा ठेवायला केबिनमध्ये आली आणि उघडे पडलेले हे सगळे वाचून बसली. (डबा रोज येतो, न बोलता.) मी दारात उभा राहिलो. जबाब तिने दोनदा वाचला. मग नऊ दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली: "बावीस नाही, तेवीस. मला मोजलंच नाहीत तुम्ही." खाडाखोड केलेला जबाब तुमच्याकडे चालत नाही, म्हणून तिच्यासमोर बसून तो पुन्हा लिहून काढला आहे. फायलीला तोच लावावा. बावीसचा चुकीचा आहे.