पप्पांविरुद्ध तक्रार

पप्पा, तलासरीच्या मिशनमध्ये तुम्ही सुरू केलेली शनिवारची बैठक अजून भरते. रविवारच्या चर्चमधल्या प्रभुभोजनाआधी सगळे सेवक जेवणघरात खाली बसतात आणि पाळक विचारतात, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे?" ज्याच्या मनात असेल त्याने तोंडावर बोलायचं, दुसऱ्याने ऐकून घ्यायचं, मग दोघांनी एका ताटात जेवायचं. २०१४ साली मी इथल्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये शिकवायला आले, तेव्हा वाटलं होतं की महिन्याभरात माझ्यावर तक्रारींचा ढीग पडेल. माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. पाळकांच्या प्रवचनाला मी त्यांच्यासमोरच गुजरात सीमेवरच्या अच्छाड नाक्यावरची ट्रकांची रांग म्हणाले. हलत नाही आणि हॉर्न मात्र वाजतच राहतात. पाळक हसले. "शेवटी मुलगी कुणाची," म्हणाले.

तीच तर अडचण होती. सगळे खाली बसत, मला खुर्ची. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात चहा, मला कपबशीत. ताट घासायला उठले की स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशी ते हातातून काढून घ्यायच्या. "ताई, तुम्ही कशाला?" तुम्ही पंधरा दिवसांनी डहाणू रोडच्या घरी यायचात तेव्हा आई तुमच्याशी अशीच वागायची. पलंगावर धुतलेली चादर, आणि आम्हाला दटावणी, "पप्पा दमलेत, गप्प बसा." पाहुण्याला असं वागवतात, हे तेव्हा कळत नव्हतं.

मग मिझोरामहून एक मुलगी आली, आमच्याबरोबर सेवा करायला. मराठीचे चार शब्द, त्यातले दोन चुकीचे. पहिल्याच शनिवारी मावशी म्हणाल्या, "ही पोरगी माझ्या चुलीत लुडबुड करते आणि वर सांगते, मिरची कमी हाय." पाळकांची बायको म्हणाली, "पहाटेच गायला लागते. देवाला झोप लागत नसेल, आम्हाला लागते." मुलीने मान खाली घालून ऐकलं, हसली, आणि मावशींच्या ताटात हात घातला. मी खुर्चीवरून बघत होते. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला दुसरीने खाल्लेल्या बोलण्यांचा इतका हेवा वाटावा, हे मी माझ्या एखाद्या कथेत कुणा दुसरीविषयी लिहिलं असतं तर वाचकांनी दाद दिली असती. पुढे पुढे मी मुद्दाम प्रार्थनेला उशिरा जायला लागले. शनिवारी कान टवकारून बसले. पाळक म्हणाले, "ताईंना काम असेल."

गेल्या वर्षी एका शनिवारी मी खुर्चीवरून उतरून खाली बसते आणि सांगते, "माझ्या मनात आहे. पप्पांविषयी."

पाळक चपापतात. "ताई, ते देवाघरी आहेत."

"असू देत. त्यांनी सगळे शनिवार तुमच्यात काढले. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण तेवढा वेळ ते घरी थांबलेच नाहीत."

कुणी वर बघत नाही. मला वाटतं, झालं, उद्या सामान बांधायचं. तेवढ्यात मावशी म्हणतात, "माझंबी हाय. तुझा बापूस प्रार्थना आवरायचाच नाही. डाळ गार व्हायची, मग मलाच विचारायचा, डाळ गार कशी?" कुणीतरी फिसकन हसतं. पाळक तरुणपणी तुमच्या हाताखाली होते. ते घसा खाकरतात. "माझ्या चपला घालून पाड्यावर जायचे. विचारलं की म्हणायचे, प्रभूच्या कामाला गेल्या."

ती मुलगी म्हणते, "मी त्यांना बघितला नाही. पण ते होते म्हणून ताईला खुर्ची. मग मी ताईशी बोलायला भिते. ही तक्रार कोणावर?"

"दोघांवर," मावशी माझ्याकडे बोट करून म्हणतात. "आणि माझी हिच्यावर वेगळी हाय. चाखायच्या आधीच भाजीवर मीठ घेते. आल्यापासून बघतेय मी. मेली, चव तरी बघ आधी."

त्या दिवशी मी मावशींच्या ताटात जेवले. भाजी अळणी होती. मी मीठ मागितलं नाही.

नियमाप्रमाणे एका ताटात जेवलं की मनातलं संपतं. माझं संपलेलं नाही, पप्पा. गार डाळ, चपला, हे तुम्ही मला माहीतच नव्हतात. तुमच्यावर चिडायचं भाग्य मावशींना मिळालं, मला नाही. आता हेवा त्यांचा वाटतो, आणि तो मला शनिवारी त्यांच्या तोंडावर सांगायला हवा. हे पत्र लिहिलं ते त्याचीच तालीम म्हणून. पण सांगणार नाही. ऐकून त्यांना माझी दया येईल, आणि माझ्यावर आवाज चढवणं त्या बंद करतील.