दोरीवरचं गाव

३ ऑक्टोबर, गुरुवार

गेले! शेवटची गाडीसुद्धा बैरुतच्या रस्त्याला लागली. आमच्या दैर लौझ गावात उरलो दोघी – मी आणि शेजारची वदाद. ऑलिव्ह झाडांवर तसेच. साऱ्या गावाच्या किल्ल्या माझ्या खिशात. चालले की घंटा बांधलेल्या शेळीसारखी वाजते मी.

४ ऑक्टोबर

वदाद म्हणाली, "रिकामं घर दिसलं की बंदूकवाले शिरतात. ते शिरले की त्या घरावर बॉम्ब. वरून तो ड्रोन बघतोच आहे."

"मग काय, साठ घरांत जाऊन बसू?"

"बसू नकोस गं बाई. धुणं घाल!"

खरंच की! ओले कपडे म्हणजे आत माणसं.

६ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थना नाही. आमचे पाद्री अबूना मन्सूरही बैरुतला. धुणं मात्र झालं – एकोणीस घरांचं. लोकांची कपाटं उघडताना लाज वाटली. दुकानदार नईमकडे बारा जोड गुलाबी मोजे, कोरे! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लोतील्द सांगायच्या, आतले कपडे चादरीमागे वाळवावेत, देवाखेरीज कुणाला दिसू नयेत. इथे नेमकं उलट. माफ करा, सिस्टर.

उम्म नख्ले विधवा, तिचे सगळे झगे काळे. नुसते तेच वाळत घातले तर घरात कुणी गेलंय असं वाटायचं. म्हणून अबूनांच्या लांब लोकरी चड्ड्या तिच्या गच्चीवर लावल्या. छान भरून दिसतं आता.

७ ऑक्टोबर

खालच्या मळ्यातला रिकामा गोठा उडवला. आम्ही जिन्याखाली, हातात हात.

"कपडे आत घेऊ का?" मी.

"वेडी आहेस? अजून घाल!"

८ ऑक्टोबर, मंगळवार

टीव्हीवर लांबून आपलं गाव! 'काही कुटुंबं अजून राहतात,' म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग फोन. उम्म नख्ले –

"माझ्या गच्चीवर कुणाच्या चड्ड्या?"

"अबूनांच्या."

किंचाळलीच ती. मग – "अगं, इथल्या बायका मला बघून क्रूसाची खूण करतायत! येते मी. तुझ्या झिंज्याच उपटते!"

लगेच अबूनांचा. "बाळ, उसवलेल्या तर नव्हत्या ना?"

१० ऑक्टोबर, गुरुवार

बसमधून अकरा जण उतरले – सगळे भांडायला! उम्म नख्लेनं आधी चड्ड्या ओढून काढल्या, मग मला मिठी मारली, मग पुन्हा शिव्या. नईम मोजे मोजत बसला. "तुझ्या कपाटात कधी शिरलो का मी?" म्हणे. तेरा कप कॉफी केली. गल्लीत एवढी कटकट! ऐकतच राहावंसं वाटलं.

संध्याकाळी सगळे ऑलिव्ह उतरवायला गेले. परत जायचं नाव कुणी काढत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

बॉम्ब टाकणाऱ्यांचा हुकूम आला. दहाच्या आत गाव सोडायचं – सगळ्यांनी. मीसुद्धा. बस चालू करून ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय. चढत कुणीच नाही. जो तो आपल्या गच्चीवर धुणं घालतोय.

"थांब रे मेल्या," उम्म नख्ले वरून ओरडतेय, "चादरी पिळायच्यात अजून!"