बेचाळीस डिग्रीचं घोंगडं

सोलापूर,
ऐन मे महिना

प्रिय बिरुदेव यास,

प्रभुचा नमस्कार. गोजामावशींना दंडवत, वहिनींना नमस्कार, मेंढरांना यथायोग्य. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तसे ते नाहीत, पुढं येईलच. जेऊरला ऊन कसं आहे? मावशींचे गुडघे कसे आहेत? आणि तुझा राग? (तो धडधाकट असणार. चौदा वर्षांपूर्वी प्रेसवाल्यानं आपल्या अल्बमच्या पोस्टरवर तुझं डोकं कापून नुसता ढोल छापला, सोमू म्हणाला 'ढोल तर आलाय की', आणि तू जो उठलास तो गावीच गेलास. फोनवर मला ब्लॉक केलंयस म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.)

आता वाईट बातमी आधी लिहितो. सोमशेखरला, म्हणजे आपल्या सोमूला, तोंडाचा कॅन्सर निघालाय. तंबाखूचा मावा, दुसरं काय. येत्या बुधवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, जबड्याचा तुकडा आणि जिभेचा बराच भाग काढावा लागेल. जीव वाचेल अशी आशा आहे, पण बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही. यावर माणसानं काय विचारावं? ह्यानं विचारलं, 'बुधवारच्या आत अल्बम होतोय का?' डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं बघितलं.

अल्बमचं असं. आपण तिघांनी 'बेचाळीस डिग्री' नावानं 'चटका' हा पहिला अल्बम काढला तेव्हा सोलापुरात रॅप म्हटलं की लोकांना साबणाचं नाव वाटायचं. आता कॉलेजातली पोरं आपल्याला क्लासिक म्हणतात. (क्लासिक म्हणजे जिवंतपणी फोटोला हार.) त्यांचं म्हणणं, तो भरड, कोंदलेला, चिडका आवाज आता कुणाला जमत नाही. ते ऐकून सोमूच्या डोक्यात बसलं की बोलणं जायच्या आधी पुन्हा एक अल्बम करायचा, आणि त्यात नवीन काही करायचं नाही, तोच आवाज आणायचा. मी कारखान्यात आठ दिवसांची रजा टाकली. कारण 'घरगुती' असं लिहिलं. खोटं नाही की ते.

पहिल्यांदा आम्ही शिवयोगीच्या स्टुडिओत गेलो. तो लग्नाची आणि निवडणुकीची गाणी रेकॉर्ड करतो, माणूस सज्जन. एसी, भिंतींना स्पंज, माईकसमोर जाळी. सोमूनं जीव तोडून चार ओळी म्हटल्या आणि ऐकल्या तर वाटलं, गाडी प्लॅटफॉर्म बदलून येणार आहे. इतका स्वच्छ! शिवयोगीनं कॉम्प्युटरवर त्यात धूळ घातली, खरखर घातली, तरी आतला माणूस आंघोळ केलेलाच वाटत होता. मग सोमूच्या मामांकडनं गठ्ठाभर चादरी आणून भिंतींना बांधल्या. आवाज काही बदलला नाही, फक्त स्टुडिओत गिऱ्हाईक येऊन भाव विचारून गेलं.

शेवटी आपल्या जुन्याच जागी गेलो, सोमूच्या घरच्या भुसार दुकानावरच्या पत्र्याच्या माळ्यावर. तिथं चढल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा आपण पत्र्याला तुझ्या घरचं घोंगडं टांगलं होतं, आठवतंय? आवाज कोंदायचा तो त्या लोकरीत. आणि तुला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नकोस, चिडायचा तो त्यातल्या पिसवांमुळं! 'शोषितांचा धगधगता संताप' असं कुणीतरी लिहिलं होतं आपल्यावर. संताप कसला, मांडीला चावत होतं म्हणून सोमू ओळी भराभर संपवत होता.

मग घोंगडं शोधणं आलं. चिंचोळीला आमच्या कारखान्यामागच्या रानात धुळाप्पा म्हणून एका म्हाताऱ्याची मेंढरं बसली होती. गाण्यासाठी घोंगडं पाहिजे म्हटल्यावर त्याला वाटलं, बिरोबाचं गाणं असणार. तो घोंगडं खांद्यावर टाकून स्वतःच आला. आल्याबरोबर आमच्या चपला काढायला लावल्या. मी खिळा हातोडा घेऊन उभा, तर केवढ्यानं ओरडला माझ्यावर! घोंगडं काय टांगायची वस्तू हाय? हातरायचं, वर बसायचं, मग तोंड उघडायचं. झालं, तिघंही बसलो. घोंगडं खाली असून आवाज कोंदला कसा ते मला विचारू नकोस (सोमू त्यात जवळजवळ तोंड खुपसूनच म्हणत होता), पण पहिल्याच ओळीला खाली दुकानात मशीन मांडून बसलेला शिवयोगी 'हाच! हाच!' म्हणून ओरडला. पिसवांनीही कसूर केली नाही.

पण आता एक अडचण आहे जी तेव्हा नव्हती. सोमूचं तोंड एका बोटापेक्षा जास्त उघडत नाही. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायचा व्यायाम दिलाय, तो हा ठेक्यात करतो. मोठा आ लागणारे शब्द निघत नाहीत, म्हणून त्यानं जुनी गाणी बसल्या बसल्या बदलली. 'सरकार' काढून 'मंत्री' घातला. 'बाजार' काढून 'गिरणी'. 'भाकरी'ला मात्र काही सापडेना. शब्दही तोंडात बसत नाही आणि खरी भाकरी तर कधीच सुटली. त्याची बायको काव्या त्याला आंबील गाळून देते. ती ओळ त्यानं तशीच म्हणायला घेतली आणि ओठातनं रक्त आलं. धुळाप्पानं कनवटीची पिशवी सोडली, सोमूच्या कपाळाला भंडारा लावला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, 'समदं ऐकलं, पर देवाचं नाव कुटंच न्हाय आलं की. घ्यायला सांगा.' मी होय म्हटलं. लई वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याची मेंढरं दुधनीकडं हलली, घोंगडं गेलं. एक गाणं राहिलंय. तर मावशींचं जुनं घोंगडं असेल तसं, न झाडता, न धुता, एसटीच्या पार्सलनं पाठवावं ही विनंती. पिसवा प्रवासात मरणार नाहीत एवढं बघावं.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांच्या पाया पडतो, आणि तुझ्या रागाला लांबूनच हात जोडतो.

तुझा,
प्रभु

ता. क. घोंगडं पाठवू नकोस. पत्र पाकिटात घालायच्या आधीच राहिलेलं गाणं झालं. कशावरही न बसता, माळ्यावर उभं राहून म्हटलं. आवाज जुना नाही आला. फाटका आला. शिवयोगी म्हणाला परत घेऊ, तर सोमू म्हणाला, 'साकु.' म्हणजे पुरे. तसाच ठेवलाय.

आणखी एक, आणि खरं काम हेच. सोमूशी सध्या सगळे गोड बोलतात. काव्या माव्यावरनं रोज भांडायची, ती आता भांडत नाही. त्याची आई गुरम्माकाकू, जिनं त्याला जन्मात धड नावानं हाक मारली नाही, ती 'बाळा' म्हणते. मीही गोड बोलतो आणि माझीच मला शिसारी येते. काल तो म्हणाला, 'मी मेलो काय रे, सगळे असे बोलायलेत?' तर बिरू, तू ये. समाचाराला नको. फळं आणू नकोस, रडू नकोस, आजाराचं तर नावच काढू नकोस. जिन्यातनंच शिव्या घालत वर ये आणि मनात साठलंय ते सगळं काढ. तुला काय उत्तर द्यायचं ते त्यानं कधीचं जुळवून ठेवलंय. मला म्हणून दाखवतो, हसतो, आणि गाल धरून बसतो. लई घाण उत्तर आहे. मंगळवारपर्यंत ये, त्याला ते स्वतःच्या तोंडानं देऊ दे.