रिंगरोडच्या पलीकडलं घर

१२ ऑक्टोबर, शनिवार

आलो एकदाचे! रिंगरोड ओलांडल्यावर टेम्पोवाल्याने मागे वळून विचारलं, ताई, अजून पुढंच का? मी हाव म्हणाले. थोडं गेल्यावर पुन्हा तेच. त्याला वाटलं असेल, ही बाई लातूर सोडून थेट उदगीरला चालली.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. नव्या घरात पाऊल आजच टाकायचं हा धम्मदीपचा हट्ट. हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडला, वंदना घेतली, मग गॅस जोडून खीर केली. बुडाला लागली, तरी पातेलं चाटूनपुसून साफ.

वसाहतीचं नाव हिरवाई पार्क. झाडं कमरेएवढीसुद्धा नाहीत, पण मागच्या खिडकीतून सोयाबीन काढलेली रानं दिसतात, थेट आभाळापर्यंत. वर्षभर या घरावरून आमचं भांडण चाललं होतं. मला भर गावात राहायला आवडतं. लग्नानंतरची आमची क्लासच्या गल्लीतली खोली आवडायची, खाली उतरलं की भाजी, ऑटो, डॉक्टर, गरम भजी. मी बायोलॉजी शिकवते तो क्लास तर चार घरं सोडून. धम्मदीपचं ऑफिस शिरूर अनंतपाळला, त्याला इकडून रस्ता सोपा. पण खरं कारण ते नाही. त्या खोलीच्या मालकाने पहिल्याच दिवशी जिन्यात उभं करून आडनाव विचारलं होतं, आणि ऐकल्यावर त्याचा चेहरा जो पडला तो तीन वर्षं पडलेलाच राहिला. शेवटी ठरलं, उन्हाळ्यापर्यंत राहून बघायचं. मला करमलं नाही तर परत गावात.

संध्याकाळी शेजारी दसऱ्याचं सोनं द्यायला आले. पुढे अर्जुनराव, सगळे त्यांना काका म्हणतात. अडत दुकान मुलाकडे सोपवून इथं सगळ्यात आधी घर बांधलं ते त्यांनी. मागे त्यांच्या पत्नी रुक्मिणबाई. काका सरळ आत आले, खुर्चीवर बसले, करपलेली खीर मागून घेऊन खाल्ली. कुणी काही विचारलं नाही. ते गेल्यावर धम्मदीप बराच वेळ त्या रिकाम्या वाटीकडे बघत बसला होता.

१६ ऑक्टोबर, बुधवार

शेजारची राजकन्या माझ्याच वयाची. तिची स्वप्नाली तीन वर्षांची, दिवसभर आमच्या पायऱ्यांवर. सकाळी राजकन्येने सायकलवरच्या माणसाला हाक मारली, गॅस-कुकर दुरुस्तीवाला. नाव चंद्रप्पा, देगलूरच्याही पलीकडचा. बायको नागम्मा आणि तो, दोघं बायपासजवळ पालात राहतात. माझा कुकर उलटापालटा करून म्हणाला, “शिट्टी बरी हाय अक्का, रबर मेलं बघा.” काम होईपर्यंत स्वप्नालीला कानडीत कसलंसं गाणं म्हणून दाखवलं. खिशातून बिस्किटाचा पुडा काढून तिला दिला. ऑफिसला निघालेल्या धम्मदीपने पैसे दिले, तर त्याला सायब म्हणून सलाम ठोकला. ती त्याच्या सायकलची घंटी वाजवत सुटली, आणि आम्ही दोघी हसत होतो.

२१ ऑक्टोबर, सोमवार

कबूल करते, झोप इथं छान लागते. होस्टेलच्या पोरांचं पाठांतर नाही, गाड्यांचे हॉर्न नाहीत. क्लासहून स्कूटीवर येताना रिंगरोड ओलांडला की हवाच बदलते.

आज काकांच्या ओसरीवर सगळ्यांची बैठक झाली. पलीकडच्या वसाहतीत कुणाची तरी पाण्याची मोटर चोरीला गेली. शिवाय मोबाइलवर निरोप फिरत आहेत, पोरं पळवणारी टोळी आली आहे, दुरुस्तीच्या, भंगाराच्या नावाने घरं हेरून जाते. काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. मी म्हणाले, असले निरोप दरवर्षी येतात. काका हसले आणि म्हणाले, बाई, गावात तुमच्यासाठी पोलीस आहेत, इथं आपले आपणच.

त्यांनी बाजारातून वेळूच्या काठ्या आणल्या आहेत, तेल पाजलेल्या. घरटी एक. धम्मदीपने आमची आणून दारामागे उभी केली. मी थट्टा केली. तो हसला नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

वसाहतीचं फाटक आता दिवसाही बंद. भाजीवाली यायची थांबली. दूधवाला बाहेरूनच पिशव्या देतो.

दुपारी विचित्र प्रकार झाला. एक पांढरी कुत्री इथं फिरायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुरुषांनी तिला भिंतीच्या कोपऱ्यात कोंडलं आणि काठ्यांनी मारलं. कंबर मोडल्यावरही ती पुढच्या पायांवर सरकत होती. मी ओरडले तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “हात बसाया पायजे. ऐन वेळी हात थरथरून कसं चालंल?”

धम्मदीप त्यांच्यात होता. आपण नुसते उभे होतो असं म्हणाला. त्याच्या पॅंटवर डाग होते.

जेवताना मी म्हटलं, उन्हाळ्याची वाट बघायची नाही, गावात खोली बघू. तो एकदम तडकला. म्हणाला, तुला भजी आणि ऑटो पाहिजेत. मला इथं लोक नावाने हाक मारतात, घरात बसवतात, ताटाला ताट लावून जेवू घालतात. ते सोडून परत त्या जिन्यात जाऊ?

मी ताटं उचलली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आजचं आजच लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मलाच हे खोटं वाटेल.

धम्मदीपची रजा होती, मी चकल्या तळत होते. फाटक बंद म्हणून चंद्रप्पा रानातून, मागच्या बाजूने आला. बांधावर घंटी वाजवली, सायकल तिथंच टाकली. ओळखीची घंटी ऐकून स्वप्नाली पळत गेली आणि त्याने तिला उचलून घेतलं. एवढंच. राजकन्येने गच्चीवरून ते पाहिलं आणि किंचाळली.

मी बाहेर येईपर्यंत तो खाली पडला होता. पोर कुणीतरी ओढून घेतली होती. पहिली काठी तोंडावर बसलेली, दातांसकट ओठ फाटला होता. मी धावत गेले, ओरडले, अहो हा चंद्रप्पा, कुकरवाला, राजकन्या, सांग ना! राजकन्येने पोरीचं तोंड पदरात दाबलं आणि मान फिरवली. काका म्हणाले, ओळख काढूनच घर हेरतात.

मग त्यांनी सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, सुटला. पण ते म्हणाले, कुण्या एकाच्या अंगावर येऊ नये, प्रत्येक घराचा हात लागला पाहिजे. एकेकाला नावाने हाक मारली. जे मागे सरकत होते त्यांनाही. मी मध्ये पडले तेव्हा रुक्मिणबाईंनी मागून माझे दोन्ही दंड धरले. म्हाताऱ्या बाईत इतकं बळ कुठून आलं? त्यांच्या अंगाला उटण्याचा वास येत होता.

चंद्रप्पाचा एक हात कोपरातून उलटा वळला होता. तो दुसऱ्या हाताने डोकं झाकायचा, मग त्या हातावर मारायचे, मग तोही हात उचलेना.

काका म्हणाले, धम्मदीप.

धम्मदीपने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको, नको. चंद्रप्पाने एक डोळा उघडला आणि म्हणाला, “सायब, तुमी वळखता की मला.”

धम्मदीपने काठी दोन्ही हातांनी वर नेली.

तो आवाज मी लिहू शकत नाही. त्यानंतर चंद्रप्पा काही बोलला नाही. पाय मात्र बराच वेळ हलत होते.

३० ऑक्टोबर, बुधवार

शेवटच्या प्लॉटवर बांधकाम सुरू आहे, कॉलमसाठी खड्डे खणून ठेवलेले. सकाळी लवकर मिक्सर आला. अजून बांधकामवाले पूर्ण जमलेही नव्हते, काका स्वतः उभं राहून काँक्रीट ओतून घेत होते. सायकल कुठेच दिसत नाही.

धम्मदीप म्हणतो, माझ्या आधीच तो मेला होता. मी म्हटलं, मेलेला माणूस तुला साहेब म्हणाला का? तो न्हाणीत गेला आणि पाणी वाहतच राहिलं.

दुपारी काका फराळाचा डबा घेऊन आले. चिवडा, अनारसे. धम्मदीपच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आता तुमी आमचेच.” आणि धम्मदीप रडायला लागला. लहान पोरासारखा, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून. काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होते.

पोलिसांना फोन लावायला मी गच्चीवर गेले. राजकन्या तिच्या गच्चीवर उभी होती. मी वर आले म्हणूनच आलेली. कपडे नव्हते वाळत घातलेले, काही नाही. नुसती बघत. मी फोन खाली केला. संध्याकाळी धम्मदीपने तो मागून घेतला, म्हणाला, काही दिवस असू दे माझ्याजवळ. स्कूटीची किल्लीही खुंटीवर नाही. क्लासला त्याने माझ्याबद्दल कळवलं आहे, लुंबिनीला डेंग्यू झाला.

२ नोव्हेंबर, शनिवार

ती आली. नागम्मा.

फाटकाशी उभी राहून मोबाइलवरचा नवऱ्याचा फोटो दाखवत होती. काकांनी तिला आत घेतलं. तिने दारोदार फोटो दाखवला. सगळ्यांनी तो नीट निरखून पाहिला, हळहळले, नाही म्हणाले. रुक्मिणबाईंनी तिला ओसरीवर बसवून चहा दिला, फराळ दिला. ती लाडू खात नव्हती, पदरात बांधत होती. त्याच्यासाठी.

मी पाणी घेऊन गेले. तांब्या देताना खाली वाकून तिच्या कानात म्हणाले, इथं बोलू नको, सरळ पोलीस ठाण्यात जा, त्यांना घेऊन ये, शेवटचा प्लॉट दाखव.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, समजली. समजलीच होती. पण ती फाटकाकडे गेली नाही. उठली आणि प्लॉटकडे पळाली. त्या वाळलेल्या काँक्रीटवर पडून नखांनी खरवडायला लागली, त्याचं नाव घेऊन. बोटं फाटली तरी थांबेना.

पुरुष काठ्या आणायला घरात गेले. घाई नव्हती कुणाला. हात बसले आहेत.

या वेळी बायकांनाही बोलावलं. राजकन्येने दोनदा मारलं. मला ओढत नेऊन घरात कोंडलं होतं, मी खिडकीतून— तिचे केस हाताला गुंडाळून तिला विटांच्या ढिगाकडे ओढत नेलं. डोकं विटांवर— पुन्हा— पुन्हा—

लाडू सगळीकडे सांडले होते.

मी सांगितलं नसतं तर ती चहा पिऊन गेली असती.

३ नोव्हेंबर, रविवार

काका विचारतात म्हणे, तिला प्लॉट कुणी दाखवला? धम्मदीपने मला विचारलं. मी खरं सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

मी म्हटलं, ऊठ. मोटारसायकल काढ. जसा आहेस तसा चल, काही घ्यायचं नाही. गावात कुठेही राहू, जिन्याखाली राहू. तो म्हणाला, फाटक कोण उघडेल? मग म्हणाला, तू त्यांच्यासमोर येऊन कबूल कर. पाया पड. ते माफ करतील, माणसं चांगली आहेत.

चांगली आहेत.

मी त्याला मारलं. तोंडावर, छातीवर, हात दुखेपर्यंत. त्याने एकही फटका अडवला नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

धम्मदीप काकांकडे गेला. येत नाही अजून.

वरच्या खोलीत आहे. आतून कडी लावली. दाराला कपाट लावायला गेले, हलत नाही— पलंग सरकवला.

खिडकीतून ओरडले. रानात सांडलेलं सोयाबीन वेचणाऱ्या बाया होत्या, एकीने वर पाहिलं. राजकन्येने खालून तिला हात केला, डोक्याशी बोट फिरवून दाखवलं. बाई पुन्हा खाली वाकली.

दुपार

सगळे ओसरीवर जमलेत. धम्मदीप मध्ये बसलाय. काका बोलतात, तो मान हलवतो. बायका ताटात चहा—

उठले.

खालचं दार उघडलं. किल्ली त्याच्याकडेच.

जिना.

तो दाराशी आहे. हळू बोलतोय. पूर्वी क्लासखाली माझी वाट बघायचा तेव्हा बोलायचा, तसंच. म्हणतो, मी एकटाच आलोय. काकांना पटवलं. गावात खोली बघितली, तुझ्या क्लासजवळच, आजच जाऊ. तू म्हणत होतीस ते खरं होतं, लुंबिनी.

मी पलंगाखाली सरकले. जमिनीवर पडून दाराखालच्या फटीतून पाहिलं. त्याचे पाय. त्यामागे अजून पाय. चपला खाली काढून आलेत, आवाज होऊ नये म्हणून. पार पायरीपर्यंत. जोडव्यांचेही पाय आहेत. कुणी हलत नाही. कुणी खोकत नाही.

त्याला विचारलं, खरंच एकटा आहेस?

म्हणाला, हाव.

आता दार ढकलतायत. पलंग मागे— कडीचा एक स्क्रू पडला. मी पाठ लावून बसलेय, अक्षर— तो अजून तसाच बोलतोय, हळू, किती हळू, लुंबिनी, भिऊ नको, मी आहे ना, मी अगोदर मारतो, माझ्या हाताने तुला जास्त दुखणार नाही—