लोकशाहीला दुसरा शब्द

३ जून
‘लोकशाही’ या एका शब्दाची खरी किंमत: अकरा पालक. बडनेऱ्यात रुबीना मॅडमच्या शाळेत दर शनिवारी मुलंच सभा घेतात, मत देऊन नियम करतात. मॅडमनी पालकसभेत हे सांगितलं आणि अकरा जण उठून गेले. बारावे बसले होते, त्यांना झोप लागली होती. जाताना एक म्हणाला, एका इलेक्शननं भाऊ भावाशी बोलत नाई, आता पहिलीपासूनच काहून?

पंधरा तारखेपर्यंत पहिलीला वीस नावं हवीत, नाहीतर वर्ग बंद. मॅडमना म्हटलं, शब्द माझ्यावर सोडा. एका भोंग्यावर धंदा उभा केला, तीस वर्षं सभांना माइक लावतो. कोणतं वाक्य लागतं, कानाला कळतं. शिवाय बाहेरून लागतात एकोणीसच. विसावी घरची, माझी नात.

मॅडम म्हणाल्या, काका, पालकांशी मुलांनाच बोलू द्या. हसलो.

६ जून
नवा शब्द: शिस्त. गर्दी चांगली. पहिला प्रश्न, मारता का? मॅडम नाही म्हणाल्या. मंग कायची शिस्त, म्हणत सगळे गेले. नावं शून्य. मॅडमना टायमिंग नाही.

९ जून
नेतृत्व. हा शब्द लागला. एकानं विचारलं, माह्या पोराले मॉनिटर करसान ना? करू म्हटलं. चौदा नावं.
घरी सूनबाई निळा युनिफॉर्म अल्टर करून राहिली होती. विचारायला वेळ नव्हता.

११ जून
मॉनिटरपद चौदाही जणांना कबूल केलंय, हे त्यांना बाजारात एकमेकांकडून कळलं. त्यात मॉनिटर मुलांनी गेल्या वर्षीच मत देऊन बंद केलाय. मॅडमनी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं होतं म्हणतात. नावं शून्य.

१४ जून, सकाळ
माझा घसा बसला, म्हणून मुलं बोलली. तिसरीतली हीना म्हणाली, टाकीवर मोठी पोरं ढकलायची. मी सभेत हात वर केला. लाइनीचा नियम झाला. आता मले पाणी भेटते. एवढंच बोलून बसली.
मग एकोणीस नावं. माझी मूळ मांडणी शेवटी पोचली.

१५ जून, सायंकाळी पाच
नातीचा फॉर्म सूनबाईपुढे ठेवला. ती म्हणाली, बाबा, अमरावतीच्या शाळेत मे महिन्यातच ॲडमिशन झाली, बसही लागली. तुमी कुणाले विचारलंच नाई.

मॅडमना फोन केला. त्यांनी यादी पुन्हा मोजली.

एकोणीस.